विंडोज १० चा लॅपटॉप अजून वापरायचा का?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१७ चा आहे, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज ११ त्यावर चढत नाही. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. अँटीव्हायरसचे पैसे भरलेत, तेवढ्यावर भागणार नाही का?

उत्तर : नाही भागणार. अँटीव्हायरस आलेली फाइल तपासतो. विंडोजमध्येच राहिलेली फट त्याला बुजवता येत नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या ‘वॉनाक्राय’ व्हायरसने मे २०१७ मध्ये जी फट वापरली, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ती न घेतलेले संगणक सापडले. जूनमध्ये तीच फट वापरणाऱ्या ‘नॉटपेट्या’ व्हायरसमुळे न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

पण लगेच नवा लॅपटॉप घेण्याचीही गरज नाही. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तरी घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. आधी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे आवृत्ती २२एच२ आहे ना, ते पाहा. जुनी असेल तर आधी ती आणा. मग मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून अपडेट अँड सिक्युरिटीमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दाबा. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवलात, तर पैसे पडत नाहीत. कंपनीच्या डोमेनला (म्हणजे कंपनीच ताबा ठेवते त्या नेटवर्कला) जोडलेल्या लॅपटॉपला ही सोय नाही.

अटी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. काम ब्राउझर आणि पत्रव्यवहारापुरतंच असेल, तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. टॅली लागत असेल, तर विंडोजवरच राहा.

प्रश्न : अपडेट बराच वेळ चालतं आणि ‘अनडूइंग चेंजेस’ म्हणत मागे फिरतं. काय करू?

उत्तर : आधी सी ड्राइव्ह बघा. मोठ्या अपडेटसाठी २० जीबी तरी मोकळी हवी. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथे ‘विंडोज अपडेट क्लीनअप’वर खूण करा. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, त्यावर मात्र खूण नको, नाहीतर उतरवून ठेवलेली बिलं, फोटो सगळं जाईल. पेनड्राइव्ह, प्रिंटर काढून ठेवा, चार्जर लावा, रीस्टार्ट करून पुन्हा अपडेट चालवा. तरीही मागे फिरलं, तर ‘अपडेट हिस्टरी’त दिसणारा एरर कोड आम्हाला जसाच्या तसा कळवा; कारण नेमकं त्यावरूनच शोधता येतं.