खालीलप्रमाणे

पोरी,

लालबागच्या इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा, तुझा अहवाल वाचला. सातव्या पानावर तू लिहिलं आहेस, 'लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते'. त्या इमारतीला लिफ्टच नाही गं! दादरच्या अहवालातलं वाक्य तसंच इकडे उतरलंय. आधी हसलो. मग माझे जुने दिवस आठवले, म्हणून लिहायला बसलो. फोन केला असता तर नुसता ओरडलो असतो.

गिरगावातल्या चाळीचा सागवानी जिना आठवतो? पायऱ्या मधोमध वाटीसारख्या खोल झालेल्या, आणि भिंतीकडची कड जशीच्या तशी, कारण तिथे कुणी पाय देत नाही. ही झीज सरळ असते, चढणाऱ्याच्या पायाला कळते. आपला धंदा चालतो तो न दिसणाऱ्या झिजेवर.

काँक्रीटचं तू शिकली आहेसच. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, सिमेंटचा अल्कधर्म उतरतो आणि सळईवरचं संरक्षक कवच जातं. वर आपली समुद्राची खारी हवा आणि न्हाणीघराची गळती. मग गंज धरतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि सळईच्या रेषेत भेग पडते. भेग दिसते तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. सोसायटीवाले त्यावर ऑइलपेंट मारतात आणि 'सर, मागच्याच वर्षी रंग लावलाय' असं कौतुकाने सांगतात.

पण मला सांगायचंय ते रिबाउंड हॅमरबद्दल, काँक्रीटवर आपटून त्याचा कडकपणा आकड्यात सांगतो त्या हातोड्याबद्दल. कार्बोनेशन झालेला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मुरलेला पृष्ठभाग मऊ पडत नाही, उलट कडक होतो. म्हणजे हॅमरचा आकडा चढा येतो. खांब जितका जुना, तितका कधी कधी आकडा झकास! म्हणून ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन टाकायचं, अल्कधर्म शिल्लक असेल तिथे गुलाबी होणारं द्रावण. गडद गुलाबी झालं तर ठीक. रंग चढलाच नाही, तर आकडा कितीही गोड असला तरी अल्कधर्म तिथपर्यंत उतरलाय, आणि ते सळईपर्यंत पोचलं असेल तर कवच गेलंच.

आपल्या धंद्यातल्या माणसाचंही असंच होतं. पहिल्या वर्षी उघडी सळई बघून झोप लागत नाही. पंधराव्या वर्षी जिना चढता चढताच महापालिकेच्या वर्गवारीतला 'सी-२ बी, घरं रिकामी करायला नकोत, नुसती दुरुस्ती' असं ठोकून देतो. आवाज खणखणीत, समोरचा गप्प. वरून आकडा चढाच.

माझं सांगतो. इमारत कुठली ते विचारू नकोस. तीस वर्षं झाली की महापालिकेच्या कायद्याने ऑडिट लागतं, त्यातलंच एक. तीन मजले ठोकून बघितले, कमिटीने पोहे आणले, चहा झाला. चौथ्या मजल्यावरच्या एका घराला कुलूप होतं. सेक्रेटरी म्हणाले, 'खालच्यासारखंच आहे हो.' मी लिहिलं, 'खालीलप्रमाणे.' एकच शब्द. त्या पावसाळ्यात त्याच घरातल्या न्हाणीघराच्या स्लॅबचं कव्हर, म्हणजे सळईखालचा काँक्रीटचा थर, खाली आला. बाई बादली ठेवून नुकतीच बाहेर आली होती, बादलीचा चेंदामेंदा. मला कुणी बोल लावला नाही. अहवाल कुणी उघडून बघितलाच नाही. मी मात्र विचार करत बसलो की हा शब्द मी याआधी किती वेळा लिहिला असेल. मोजता आलं नाही.

खोटं बोललो होतो का? नाही. लाच घेतली का? पोहे धरले नाहीत तर नाही. नजर मेली होती एवढंच, आणि मेलेल्या नजरेला ते दिसणार कसं?

तेव्हापासून दर मे महिन्यात मी स्वतःचा दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक अहवाल काढून नव्याच्या शेजारी ठेवून वाचतो. जुन्यात एका खांबावर अर्धं पान असतं: कुठे ठोकलं, कुठे आवाज बद्द आला, शेजारच्या मोरीचा पाइप कुठून जातो. नव्यात दोन ओळी. कधी कधी त्या दोन ओळी अनुभवाच्या असतात, कधी आळसाच्या. कुठल्या कशाच्या, ते मलाही लगेच सांगता येत नाही. खांबापाशी परत जावं लागतं.

तुझं तर दुसरंच वर्ष आहे. इतक्या लवकर वाक्यं उचलायला लागलीस याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

शनिवारी नऊला लालबागला ये. जिन्याखालच्या खांबाच्या भेगेवर आपण काचेची पट्टी बसवून तारीख टाकली होती, भेग वाढली की ती तडकते; तडकलीय का ते आधी बघ. तडकली असेल तर फोटो काढ आणि हात न लावता थांब. चौथ्या मजल्याच्या बंद खोलीची किल्ली मी मागवून ठेवलीय. आणि नागदेवी स्ट्रीटवरून स्वतःची हातोडी घे. माझीच्या दांड्यावर माझ्या अंगठ्याचा खळगा पडलाय, तुझ्या हाताला ती बसायची नाही.

तुझा सर