बॉल पायथनचे पिल्लू तीन आठवड्यांपासून खात नाही आणि कातही तुकड्यांनी निघाली आहे, काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की मार्चअखेरीस इंदूरला आणलेले तुमचे बॉल पायथनचे, म्हणजे एका लहान आफ्रिकी अजगराचे, पिल्लू, वजन सुमारे १०० ग्रॅम, तीन आठवड्यांपासून उंदराला तोंड लावत नाही. मध्यंतरी त्याचे डोळे निळसर पांढरे झाले, नंतर कात निघाली ती तुकड्यातुकड्यांनी, आणि आता शेपटीच्या टोकाला व एका डोळ्यावर जुनी कात राहिल्यासारखी वाटते. घरची वडीलधारी मंडळी दूध पाजा म्हणत आहेत आणि राहिलेला भाग चिमट्याने ओढून काढावा का, असेही तुम्ही विचारले आहे. चिमटा लावू नका आणि दूध देऊ नका, एवढे सर्वांत आधी सांगतो. खाणे आणि कात या दोन तक्रारी तुम्ही वेगवेगळ्या मांडल्या आहेत. मला मात्र दोन्हींचे मूळ साप ठेवलेल्या पेटीतल्या हवेतच दिसते.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही कातीसोबत निघून येतो. नवी त्वचा तयार होत असताना जुन्या आणि नव्या थरांमध्ये द्रव साठतो. त्यामुळे अंगाचा रंग फिका पडतो, पोट गुलाबीसर दिसते आणि डोळे दुधी होतात. हा द्रव शोषला गेला की डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात निघते. या साऱ्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात सापाला नीट दिसत नाही, तो लपून राहतो आणि बहुतेक वेळा खात नाही. तेव्हा तुमच्या तीन आठवड्यांतील बराच काळ या नैसर्गिक उपवासाचा आहे. त्याने घाबरून जाऊ नका.

कात तुकड्यांनी निघणे मात्र नैसर्गिक नव्हे. रंगपंचमी उलटली की माळव्याची हवा किती कोरडी होते हे तुम्ही जाणताच. एप्रिलमधल्या दुपारी आर्द्रता अनेकदा वीस टक्क्यांच्या आसपास येते. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील गवताळ प्रदेशाचा, म्हणजे घाना, टोगो, बेनिन या बाजूचा साप आहे. तो कोरड्या मुलखातला असल्याने त्याला कोरडी हवा चालते, असे विक्रेते सांगतात. परंतु तिथे तो दिवस काढतो उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत, जिथली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी दमट असते. आपल्या पेटीत ते बीळ आपणच तयार करून द्यावे लागते.

त्यासाठी आर्द्रता साठ ते सत्तर टक्के ठेवा आणि ती डिजिटल मापकावरच पाहा, कारण काट्याचे स्वस्त मापक बऱ्याचदा चुकीचे आकडे दाखवते. पेटीचे झाकण जाळीचे असेल तर त्याचा बराचसा भाग अॅक्रिलिकच्या तुकड्याने झाका, हवा खेळण्यापुरती जागा मोकळी राहू द्या. तळाशी वर्तमानपत्र असेल तर ते काढून कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) जाड थर द्या आणि फवारे मारण्यापेक्षा कोपऱ्यांतून थोडे पाणी ओता, म्हणजे खालचा थर ओलसर राहील आणि वरचा कोरडा. याशिवाय झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा घेऊन त्याला भोक पाडा, आत पिळून घेतलेले ओले शेवाळ भरा आणि तो उबेच्या बाजूला ठेवा. डोळे दुधी होताच साप बहुधा आपणहून त्यात जाऊन बसतो. कूलरचा झोत थेट पेटीवर येऊ देऊ नका, आणि खोलीत एसी चालत असेल तर तो हवा आणखी कोरडी करतो हे लक्षात असू द्या. पावसाळ्यात मात्र उलट काळजी घ्यावी लागते: तळ सतत चिखलासारखा ओला राहिला तर पोटाखालचे खवले लाल होऊन त्यांवर फोड येतात.

आता राहिलेल्या कातीविषयी. शेपटीच्या टोकाला अडकलेले कडे वाळून आवळत जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळे पडून गळून जाऊ शकते. म्हणून याकडे आजच लक्ष द्या. हवेशीर डब्यात सुमारे तीस अंश सेल्सिअसचे पाणी, पिल्लाच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकेच, भरा आणि त्याला पंधरा ते वीस मिनिटे त्यात ठेवा. समोरून हलू नका. नंतर त्याला ओल्या सुती पंचातून सरपटू द्या आणि शेपटीकडचा भाग बोटांत हलकेच धरून टोकाच्या दिशेने सरकवून पाहा. निघाले नाही तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. तेल किंवा क्रीम लावू नका.

डोळ्याला हात लावण्यापूर्वी निघालेल्या कातीचे तुकडे तपासा. माझ्याकडच्या मादीची कात मी दर वेळी दिव्यासमोर धरून पाहतो: अखंड निघालेली कात पायातून काढलेल्या मोज्यासारखी उलटी झालेली असते, डोक्याच्या भागात घड्याळाच्या काचेसारखे फुगीर, पारदर्शक असे दोन गोल स्पष्ट दिसतात आणि दुसऱ्या टोकाला शेपटीचे निमुळते टोक बंद असते. तुमच्या तुकड्यांत एकच गोल सापडला आणि तो डोळा दुसऱ्यापेक्षा मंद किंवा सुरकुतलेला दिसत असेल, तर खवला राहिला आहे. आर्द्रता सुधारली की तो बहुधा पुढच्या कातीबरोबर निघतो. ओढून काढताना खालचा नवा खवला फाटला तर डोळाच जातो. पुढच्या कातीनंतरही तो राहिला तर डॉक्टरांकडून काढून घ्या.

खाण्यासाठी आर्द्रतेइतकीच ऊबही पाहा. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश असावी, दोन्हीकडे अंग घट्ट बसेल अशी लपायची जागा असावी आणि हीटिंग मॅटला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर पोट भाजते. ऊब नसेल तर अन्न पचत नाही आणि साप ते ओकून टाकतो. इंदूरच्या हिवाळ्यात, जेव्हा रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा ही गोष्ट विशेष जपावी लागते.

शेपटी मोकळी झाली की चार-पाच दिवस पिल्लाला हातात घेऊ नका, पाहुण्यांना दाखवायलाही नाही. त्यानंतर दहा-बारा ग्रॅमचा, पिल्लाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा, पैदाशीचा गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या आणि देण्याआधी पिशवीत घालून गरम पाण्यात धरा, म्हणजे तो सुमारे अडतीस अंशांवर येईल. मायक्रोवेव्ह वापरू नका. या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. गार उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. दिवेलागणीनंतर, मंद उजेडात, लांब चिमट्याने लपणीच्या तोंडाशी धरा. मान इंग्रजी एससारखी दुमडून तो एकटक पाहू लागला तर हात स्थिर ठेवा. घेतला नाही तर दोन-तीन तासांनी उंदीर काढून टाका आणि पाच ते सात दिवसांनीच पुन्हा विचारा. रोज उंदीर पुढे करणे हा पिल्लाचा छळ आहे आणि त्याने उपवास लांबतो, हे मी आग्रहाने सांगतो. घरातला किंवा गोदामातला पकडलेला उंदीर कधीही देऊ नका. त्याच्या पोटात विष किंवा जंत असू शकतात. जिवंत उंदीर सापाला चावतो, तेव्हा तोही पेटीत सोडून जाऊ नका. खाल्ल्यावर दोन दिवस हाताळणी नको. ओकला तर दहा ते चौदा दिवस थांबून अर्ध्या आकाराचे भक्ष्य द्या.

दुधाविषयी घरच्यांना एवढे सांगा की नागपंचमीला नाग दूध पितो तो तहानेने, कारण त्याला आधी उपाशी आणि तहानलेले ठेवलेले असते. दूध हे सापाचे अन्न नाही. स्वच्छ पाण्याचे पसरट भांडे कायम भरलेले असावे.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून तारखेसह लिहून ठेवा. वजन नव्वद ग्रॅमच्या खाली गेले, तोंडाशी बुडबुडे आले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तोंड सुजले किंवा शेपटीचे टोक काळपट दिसू लागले तर वाट पाहू नका. बळजबरीने भरवणे घरी करायचे काम नाही. महू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा शहरातल्या दवाखान्यात जाण्यापूर्वी फोन करून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले डॉक्टर कधी भेटतील ते विचारा. जाताना पिल्लू हवेशीर कापडी पिशवीत ठेवा, आणि वजनाची वही, कातीचे तुकडे व नोंदणीची कागदपत्रे सोबत न्या. बॉल पायथन साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. ती विक्रेत्याने करून दिली नसेल तर तेही या आठवड्यात उरकून घ्या.