जंगल सरकारी, मग परमिट कशाला?

प्रश्न: दिवाळीनंतर आम्ही मित्रमंडळी दाजीपूरला जायचं म्हणतोय. जंगल सरकारचं, आपल्याच टॅक्सवर चालतं, मग आत जायला परमिट आणि वर फी कशाला? फोंडा घाटाला जाताना त्याच जंगलातनं जातो तेव्हा कोण अडवत नाही. गगनबावडा, पन्हाळ्याकडच्या जंगलालाही हाच नियम आहे काय?
— एक वाचक, कळंबा

उत्तर: टॅक्स आपला आहे हे खरंच, पण तो पैसा गवा जगावा म्हणून खर्च होतो, आपल्याला फिरायला जागा मिळावी म्हणून नाही, आणि कायदा तिथूनच सुरू होतो.

दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य, 1958 पासून राखलेलं, आता 351 चौरस किलोमीटर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 27 सरळ सांगतं की अभयारण्यात कुणाला जाता येतं: ड्युटीवरचा सरकारी माणूस, आत राहायची परवानगी असलेला, आत जमीन-घर असलेला, यांच्यावर अवलंबून असलेली घरची माणसं, आणि सार्वजनिक रस्त्यानं पलीकडं जाणारा. फोंडा घाटाला जाताना तुम्ही या शेवटच्या प्रकारात बसता म्हणून कोण विचारत नाही, पण गाडी बाजूला लावून फोटोसाठी झाडीत शिरलात की ती सवलत संपली, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. बाकी सगळ्यांना कलम 28 चं परमिट लागतं. अभ्यास, संशोधन, फोटोग्राफी, पर्यटन अशा कामांसाठी ते देतात, त्याला अटी असतात, फी असते. पावसाळ्यात पर्यटन बंदच. नियम मोडला तर 2022 च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता गगनबावडा, पन्हाळा, विशाळगड, आजरा-भुदरगड, चंदगड. इथलं जंगल अभयारण्य नाही, त्याला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणतात आणि कलम 27 मधली प्रवेशबंदी त्याला लागू नाही. म्हणून मोकळंच रान आहे असं समजू नका. जनावरांना छेडायचं नाही, कचरा टाकायचा नाही, आग लावायची नाही, हे तिथंही कायद्यानंच आहे, म्हणजे गव्याच्या कळपाजवळ हॉर्न वाजवणं नि कुरकुऱ्याची पाकिटं फेकणं दोन्ही त्यात आलं. शिवाय खालची जमीन राखीव वन असेल तर 1927 चा वन कायदा लागतो आणि त्यात विनापरवाना घुसणं हा गुन्हा आहे. त्यामुळं जायच्या आधी तिथल्या वनरक्षकाला विचाराच.

मला मनापासून वाटतं, फुकट आत सोडा म्हणून भांडण्यापेक्षा नियम मराठीत, ठळक, गेटवर लावा म्हणून भांडावं. कुठली वाट खुली, कधी बंद, फी किती नि ती कशावर खर्च होते, हे विचारायचा हक्क पैसे भरणाऱ्याला आहेच. संवर्धन राखीव क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत तिथल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी घ्यावा लागतो, पण गावात विचारलं तर आपला माणूस कोण हे कितीजण सांगू शकतील? ग्रामसभेत हे विचारलंच पाहिजे. आणि फीचा हिशेब हवा असेल तर वन्यजीव विभागाकडं माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, अर्ज मराठीत चालतो.