सातारा खालसा ‘झाले’ की ‘केले’?

प्रश्न : नांदेड येथील एका वाचकाने विचारले आहे की, इतिहासाच्या पुस्तकांत ‘सातारा, नागपूर, झाशी ही संस्थाने खालसा झाली’ असे वाक्य येते, त्यातील ‘खालसा’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? शिखांच्या खालसा पंथाशी त्याचा काही संबंध आहे का? 1948 मध्ये संस्थाने भारतात आली, त्या घटनेलाही ‘खालसा’ म्हणावे का? त्यांच्या घरच्या जुन्या कागदांत एका जमिनीपुढे ‘खालसा’ असा शेरा आहे, त्याचाही उलगडा त्यांना हवा आहे.

उत्तर : ‘खालसा’ हा शब्द मूळचा अरबी. ‘शुद्ध, निर्भेळ’ असा अर्थ असलेल्या ‘खालिस’पासून तो आला आणि फारसी दफ्तरांतून मराठीत रुळला. आपल्या नेहमीच्या बोलण्यातले ‘खुलासा’ आणि ‘खलास’ हे शब्दही त्याच धातूचे आहेत. मोगलांच्या कारभारात जमिनीचे ढोबळमानाने दोन भाग असत. ज्या मुलखाचा वसूल एखाद्या सरदाराला तोडून दिलेला असे ती जहागीर, आणि ज्याचा वसूल मध्ये कोणाचाही हात न लागता थेट बादशाही खजिन्यात जाई तो खालसा. म्हणजे हा मुळात लढाईचा किंवा जिंकण्याहरण्याचा शब्द नसून महसुलाचा शब्द आहे. वसूल कोणाच्या खजिन्यात जातो, एवढाच प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

हा अर्थ ध्यानात घेतला की शीख पंथाच्या नावाचेही कोडे सुटते. गुरू गोविंदसिंहांनी 1699 मध्ये आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना केली, तेव्हा गुरू आणि शिष्य यांच्यामध्ये उभे असलेले ‘मसंद’ नावाचे मध्यस्थ त्यांनी दूर केले. ‘शुद्ध’ हा अर्थ तिथे आहेच, पण ‘थेट गुरूचे’ ही छटाही त्यात असल्याचे अभ्यासक सांगतात. शब्द एकच आहे. एकाने तो भक्तीच्या नात्यासाठी वापरला, दुसऱ्याने वसुलासाठी.

इंग्रजांच्या काळात या महसुली शब्दावर राजकारणाचा भार पडला. कंपनीने ज्या राज्यांना तहाने मांडलिक करून ठेवले होते, त्यांचा राजा औरस पुत्राविना वारला तर दत्तकाला गादीचा वारस मानायचे नाही आणि राज्य कंपनीच्या मुलखात सामील करायचे, असे धोरण लॉर्ड डलहौसीने सपाट्याने राबवले. त्याची सुरुवात मात्र त्याच्याही आधीची आहे. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान 1840 मध्येच अशा रीतीने गेले होते. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब 1848 मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, तो कंपनीने मानला नाही. आणि हे राज्य आप्पासाहेबांचे थोरले बंधू प्रतापसिंह छत्रपती यांच्याकडे व त्यांच्या वारसांकडे राहील, असे 1819 च्या तहात याच कंपनीने लिहून दिले होते. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले आणि झाशीचे गंगाधरराव हे दोघेही 1853 च्या अखेरीस वारले आणि 1854 मध्ये दोन्ही राज्ये गेली.

या धोरणाच्या इंग्रजी नावात ‘लॅप्स’ हा शब्द आहे. मुदत संपल्यावर एखादा हक्क आपोआप बुडावा आणि त्यात कोणाचाही दोष नसावा, असा त्याचा सूर आहे. मराठी ‘खालसा’ तेवढा भिडस्त नाही, कारण वसूल कोणाकडून निघून कोणाकडे गेला हे तो सांगतो. तरीही ‘खालसा झाले’ या प्रयोगात करणारा वाक्यातून नाहीसा होतोच. व्याकरणदृष्ट्या तो प्रयोग चुकीचा नाही, पण साताऱ्याबद्दल लिहिताना ‘कंपनी सरकारने खालसा केले’ असे लिहावे, असे माझे मत आहे. राज्य परत मिळावे म्हणून साताऱ्याचे वकील रंगो बापूजी 1853 पर्यंत लंडनमध्ये खटपट करीत राहिले, ती काही आपोआप घडलेल्या गोष्टीविरुद्ध नव्हती.

जे रणांगणावर गेले त्याला मात्र हा शब्द लावू नये. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, ती खालसा झाली नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर नानासाहेबांना तनखा नाकारला गेला, त्यालाही ‘खालसा’ म्हणत नाहीत, कारण तेव्हा खालसा करण्याजोगे राज्यच उरलेले नव्हते. अवधचे राज्य 1856 मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन घेतले. तिथे वारसाचा प्रश्न नव्हता, तरी शब्द चालतो, कारण मांडलिकाचा मुलूख वरिष्ठ सत्तेने हुकूम काढून आपल्या थेट अमलाखाली आणला होता. त्यावरूनच इंग्रजांच्या थेट राज्याला ‘खालसा मुलूख’ आणि उरलेल्याला ‘संस्थानी मुलूख’ म्हणण्याचा प्रघात पडला. हे विशेषण ‘जादा’प्रमाणे लिंगवचनाने बदलत नाही : खालसा मुलूख, खालसा जमीन, खालसा गावे. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रे एखाद्या पुढाऱ्याचे ‘संस्थान खालसा’ करतात, तेही वरिष्ठांनी त्याचे पद काढून घेतले असेल तर शोभते. मतदारांनी पाडले असेल तर ‘पाडले’ म्हणावे.

1948 च्या मार्चमध्ये सांगली, औंध, फलटण इत्यादी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात आली आणि 1949 मध्ये कोल्हापूर व बडोदा आले, ते राजांनी सह्या केलेल्या करारांनी. सह्या किती राजीखुशीने झाल्या याबद्दल वाद घालता येईल, पण राजांचे तनखे मान्य करून केलेल्या करारासाठी ‘विलीन’ हाच रूढ आणि योग्य शब्द आहे.

राहिला आपल्या कागदावरचा शेरा. तिथे हा शब्द आपल्या जुन्या महसुली अर्थानेच आलेला असणार. इनाम किंवा वतन म्हणून जिच्या साऱ्यात सूट नाही, जिचा पूर्ण सारा सरकारात भरावा लागतो, ती खालसा जमीन. इंग्रजांनी 1852 पासून इनाम कमिशनमार्फत सनदा तपासून अनेक इनामे काढून घेतली आणि स्वातंत्र्यानंतर कायद्याने वतने रद्द झाली, त्या दोन्ही वेळी ‘इनाम खालसा’, ‘वतन खालसा’ असे म्हटले गेले. त्यामुळे शेऱ्याशेजारचे वर्ष आणि त्याआधीच्या नोंदीत जमीन कोणाच्या नावे, कशाबद्दल इनाम होती, हे आधी पाहावे. ‘खालसा’ म्हणजे कुळाची किंवा मालकाची जमीन जप्त झाली असे नव्हे. बहुतेक वेळा जमीन कसणाऱ्याकडेच राहिली आणि बदलला तो फक्त सारा.