अंड्यातली शिदोरी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अंडपेशींवर आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. अंडाकरीची कृती विचारणारी तीन पत्रं घरात दिली.

प्रश्न : मुलीला शाळेत सांगितलं, की कोंबडीचं अंडं ही एकच पेशी असते. ती विचारते, मग कवचसुद्धा पेशीच का? काय सांगू? (एक आई, नाशिक)

शाळेत सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. पेशी म्हणायचं ते फक्त पिवळ्या बलकाला. पांढरं, आतली पातळ कातडी आणि कवच ही त्या पेशीवर नंतर चढलेली वेष्टनं.

मुलीला शेजारी बसवा आणि खोलगट बशीत हलक्या हाताने अंडं फोडा. बलकाच्या वरच्या अंगाला तीन-चार मिलिमीटरचा पांढुरका ठिपका दिसेल. नाही दिसला तर चमच्याने बलक जरा कलता करा. पेशीचं केंद्रक आणि कामाचं पेशीद्रव्य एवढ्याशा ठिपक्यात असतं. बाकीचा पिवळा गोळा म्हणजे पीतक, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांचा साठा. पिल्लू होतं ते ठिपक्याचं. पिवळा भाग ही त्याची शिदोरी.

बलकाच्या दोन बाजूंना पीळ दिलेले पांढरे दोर दिसतील. आमच्याकडे ते घाण समजून काढून टाकायची पद्धत होती. ते दोर बलकाला अंड्याच्या मधोमध धरून ठेवतात. ते जितके ठसठशीत, तितकं अंडं ताजं.

आता वेष्टनांचा हिशोब. पीतकाचा कच्चा माल कोंबडीच्या यकृतात तयार होतो आणि रक्तातून अंडाशयात पोचतो. शेवटच्या आठ-दहा दिवसांत बलक झपाट्याने फुगतो, मग सुटतो आणि अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात पडतो. फलन व्हायचं तर ते इथेच, पहिल्या पाव तासात. पुढे पांढरं चढायला तीनेक तास, कातडीला तासाभराहून थोडं जास्त, आणि कवचाला तब्बल वीस तास. एकूण चोवीस ते सव्वीस तास.

एक पुस्ती जोडतो. ‘एकच पेशी’ हे दुकानातल्या अफलित अंड्यापुरतंच खरं. कोंबड्यासोबत वाढलेल्या गावरान कोंबडीचं फलित अंडं घातलं जाईपर्यंत त्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात आणि ठिपका कड्यासारखा गोल, रेखीव दिसतो. दोन्ही अंडी शेजारी शेजारी फोडून पाहा.

प्रश्न : बलकावर रक्ताचा थेंब निघाला. सासूबाई म्हणाल्या, आत जीव होता, आणि अंडं टाकायला लावलं. खरं का? (ठाणे)

नाही. बलक सुटताना अंडाशयातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, त्याचा तो डाग. अंड्यांच्या पोल्ट्रीत कोंबडा नसतोच, तेव्हा जीव येणार कुठून? सुरीच्या टोकाने डाग काढा आणि नीट शिजवून खा. सासूबाईंना हे कसं सांगायचं, ते मात्र आमच्या विषयाबाहेरचं.

प्रश्न : अल्पपीतकी, मध्यमपीतकी, बहुपीतकी. शिवाय समपीतकी, अंत्यपीतकी, केंद्रपीतकी. एकाच अंड्याची दोन-दोन वर्गीकरणं कशाला? पाठ करते आणि विसरते. (बी.एस्सी. दुसरं वर्ष, सांगली)

पाठ करतेस म्हणून विसरतेस. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिला, शिदोरी किती? दुसरा, गाठोडं पेशीत ठेवलंय कुठे?

सी अर्चिन या समुद्रतळावरच्या काटेरी गोल प्राण्याच्या अंड्यात पीतक थोडं आणि सगळीकडे सारखं पसरलेलं, म्हणून ते अल्पपीतकी आणि समपीतकी. बेडकाच्या अंड्यात बेताचं आणि खालच्या अर्ध्याकडे झुकलेलं. कोंबडीच्या अंड्यात इतकं, की पेशीद्रव्य वरच्या ठिपक्यापुरतं उरलं. ते बहुपीतकी आणि अंत्यपीतकी. झुरळ, माशी यांच्या अंड्यात पीतक मधोमध आणि पेशीद्रव्य कडेने. माशीच्या अंड्यात तर आधी नुसती केंद्रकंच विभागत राहतात, तेरा फेऱ्या. हजारो केंद्रकं कडेला येऊन उभी राहतात आणि मग त्यांच्यामध्ये पेशींच्या भिंती पडतात.

तुमच्या गोंधळाला पुस्तकंही जबाबदार आहेत. ‘मध्यपीतकी’ हा शब्द कुणी बेताच्या पीतकाला वापरतं, कुणी मधोमध असलेल्या. मी म्हणून पहिल्याला मध्यमपीतकी आणि दुसऱ्याला केंद्रपीतकीच म्हणतो. माणसाच्या अंडपेशीला काही जण अपीतकी म्हणतात, तेही ओढूनताणून. थोडे कण असतातच. ती पेशी जेमतेम 0.1 मिलिमीटरची. फलनानंतर आठवडाभरात गर्भ आईच्या गर्भाशयात रुजतो, मग एवढ्याशा प्रवासाला डबा कशाला?

आणि हे नुसतं नावं ठेवणं नव्हे. पीतक जड आणि आळशी. फलनानंतर अंडपेशी विभागत जाते त्याला विदलन म्हणतात, त्या विदलनाची भेग पीतकातून सहज जात नाही. अल्पपीतकी अंडं सफरचंदासारखं आरपार चिरलं जातं, कोंबडीच्या अंड्यात भेगा ठिपक्यातच थांबतात. हा फरक एकदा चार शब्दांत जगभर पोचला होता. 1884 साली प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कॉल्डवेल ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये प्लॅटिपसच्या मागे लागला होता. प्लॅटिपस अंगावर केस असलेला, पिल्लांना दूध पाजणारा. तो अंडी घालतो की पिल्लं देतो, यावर युरोपात अनेक दशकं वाद चालला होता. स्थानिक आदिवासींनी प्राणी शोधून दिले. त्यांतल्या एका मादीने एक अंडं घातलेलं होतं आणि दुसरं अजून पोटात होतं. कॉल्डवेलने माँट्रियलमध्ये भरलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सभेसाठी तार धाडली: ‘मोनोट्रीम्स ओव्हिपॅरस, ओव्हम मेरोब्लास्टिक’. अर्थ असा: हे प्राणी अंडी घालतात, आणि अंड्याचं विदलन अपूर्ण असतं. पहिल्या दोन शब्दांनी वाद मिटला. मला पुढचे दोन जास्त मोलाचे वाटतात. प्लॅटिपसचं अंडं सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यासारखं पीतकाने भरलेलं आहे, हे त्यांत आलं. आता ‘अंत्यपीतकी’ विसरून दाखव.

प्रश्न : पापलेट, रावस यांच्यात गाभोळी मिळते. मुशी कापली तर कधी कधी पिल्लंच निघतात. मुशीला गाभोळी नसते का? (अलिबाग)

प्रश्न फार आवडला, आणि वेळ चुकली, जेवायच्या आधी वाचला.

गाभोळीची जोडी म्हणजे माशाची दोन अंडाशयं. त्यातला दाणा न् दाणा ही एकेक अंडपेशी. तळण्याआधी थोडी गाभोळी पाण्यात सोडवून दाणे भिंगाखाली पाहा. बहुतेक दाणे अजून पिकलेले नसतात. समुद्रात तरंगती अंडी घालणाऱ्या माशांचे दाणे अंडी घालायच्या आधी पाणी शोषून फुगतात आणि काचेसारखे पारदर्शक होतात. ताटात येणारी गाभोळी त्याआधीची. अशा बहुतेक माशांच्या अंड्याच्या आवरणाला एकच बारीक भोक असतं आणि शुक्राणू तिथूनच आत शिरतो. अंडी लाखांनी, शिदोरी मात्र प्रत्येकाला चिमूटभर.

मुशी म्हणजे छोटा शार्क, आणि शार्कांचं बरोबर उलट. अंडी मोजकी आणि प्रत्येकात पीतक भरपूर. बांबू शार्क असं अंडं चामड्यासारख्या पिशवीत घालून सोडून देते.

आपल्या बाजारातली ती छोटी, फावड्यासारख्या चपट्या तोंडाची मुशी मात्र दोन्हींत बसत नाही. शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. आमच्या पिढीच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रॅक्टिकलला तिची इतकी चिरफाड केली, की फॉर्मॅलिनचा वास आठवला तरी डोळे चुरचुरतात. तिची अंडपेशी जेमतेम एक मिलिमीटरची आणि पीतक जवळपास नाहीच. कारण पिल्लं नाळेने आईला जोडलेली असतात आणि तिच्याकडूनच पोसली जातात. तेव्हा मुशीला अंडाशय आहे, पण तळण्याजोगी गाभोळी नाही. पोट चिरताना कोळणीला विचारा, पिल्लाच्या छातीकडून निघालेला दोरा ती लगेच दाखवेल.

प्रश्न : शेतातल्या डबक्यात बेडकाची अंडी होती, वरून काळी, खालून पांढरट. नातवाने काडीने उलटी केली, तर थोड्या वेळाने काळी बाजू पुन्हा वर! कशी? (आजोबा, सावंतवाडी)

नातवाने नकळत फलनाची चाचणीच केली. पांढरट अर्ध्यात पीतक ठासून भरलेलं, म्हणून तो भाग जड. फलन झालं, की अंडं भोवतीच्या पटलापासून सुटं होतं आणि आतल्या आत फिरू शकतं, आणि जड बाजू खाली जाते. अफलित अंडं पटलाला चिकटलेलंच राहतं, ते सहसा असं वळत नाही. काही अंडी उलटीच राहिली असतील, तर ती फळलेली नसण्याची शक्यता जास्त.

काळा रंग मेलॅनिनचा. उघड्या पाण्यातल्या अंड्यांचा उन्हापासून बचाव होतो आणि वरून पाहणाऱ्याला ती गढूळ पाण्यात चटकन दिसत नाहीत.

तुमच्याजवळच आंबोलीला झुडपी बेडूक आहेत. त्यांची अंडी पाण्याबाहेर, ओलाव्यात लपवलेली, आणि फिकट रंगाची. ती संख्येने थोडी, पण बेडकाच्या मानाने मोठी, पीतकाने भरलेली. कारण त्यांच्यात बेडूकमाशाची अवस्था पाण्यात काढायचीच नसते. सगळी वाढ अंड्यातच होते. पुढच्या पावसाळ्यात नातवाला घेऊन जा, पण काडी घरी ठेवा. पारदर्शक गोळीत चार पायांचं, नखाएवढंही नसलेलं बेडूक दिसलं तर नुसतं पाहा.