मॅक्रोमध्ये 'बी ७' लिहिण्याऐवजी सेलला नाव द्या

एक्सेलच्या शीटमध्ये वर एक नवी ओळ घातली आणि मॅक्रो (ठरलेली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) कराचा दर चुकीच्या सेलमधून उचलू लागला, असं तुम्ही लिहिलंय. कारण सरळ आहे. शीटमधली सूत्रं ओळ सरकली की आपोआप बदलतात, पण मॅक्रोत अवतरणचिन्हांत लिहिलेला 'बी ७' हा सेलचा पत्ता एक्सेलसाठी नुसता मजकूर असतो. तो जागचा हलत नाही.

कराचा दर असलेला सेल निवडा, फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये 'करदर' असं नाव रोमन अक्षरांत टाइप करा आणि एंटर दाबा. मॅक्रोत रेंज या आज्ञेच्या कंसात पत्त्याऐवजी हेच नाव लिहा. आता ओळी कितीही घाला, नाव सेलसोबत सरकतं. तो सेलच डिलीट केलात तर मात्र एरर येणारच.

नावात जागा सोडता येत नाही. 'जीएसटी१८' रोमनमध्ये द्याल तर एक्सेल ते नाव म्हणून घेणार नाही, कारण त्या पत्त्याचा सेल खरोखरच अस्तित्वात आहे! अंडरस्कोर घाला.

एकाच वेळी दोन फायली उघड्या असतील आणि दुसरीच फाइल समोर असेल तर नुसतं रेंज त्या चालू फाइलमध्ये नाव शोधतं आणि ते न सापडल्याने १००४ एरर देतं. म्हणून मी नेहमी धिसवर्कबुक (म्हणजे मॅक्रो ज्या फाइलमध्ये आहे ती), नेम्स, मग रेफर्सटूरेंज असंच लिहितो. सगळी नावं कंट्रोल एफ३ दाबून दिसतील.