ब्रिटिश कंडक्टर (वाद्यवृंदाचे निर्देशक) जॉन बार्बिरोली १९४३ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद सोडून मँचेस्टरला का गेले?

युद्धाच्या काळात त्यांना मायदेशी परतायचं होतं, आणि नेमकं तेव्हाच मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राचं बोलावणं आलं. शिवाय अमेरिकेत काम चालू ठेवायचं तर वादकांच्या युनियनसाठी अमेरिकी नागरिकत्व घ्यावं लागणार होतं. ते त्यांना नको होतं. पोहोचले तर वाद्यवृंदात जेमतेम ३५च्या आसपास वादक! बरेच जण बीबीसीकडे गेलेले. मग त्यांनी भराभर चाचण्या घेऊन, अगदी शाळकरी मुलगाही घेऊन, महिनाभरात वाद्यवृंद उभा केला. मात्र एवढंच कारण होतं असं नाही. न्यूयॉर्कमध्ये नामवंत कंडक्टर टोस्कानिनींच्या जागी आल्यामुळे काही समीक्षक त्यांच्यावर सतत तुटून पडत. माझ्या मते त्याचाही वाटा असणार. हॅलेशी मात्र त्यांचं नातं १९७०पर्यंत, मृत्यूपर्यंत टिकलं.